आषाढ बघितल्याशिवाय सही नाही

माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला मी सरांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी ती उघडलीच नाही. अंगठा आणि तर्जनीत धरून तिची जाडी चाचपली, एक कोपरा वाकवून बघितला आणि म्हणाले, "चांगली आहे. लग्न झाल्यावर किती उरतील?"

मी म्हणालो, "सर, सहकुटुंब यायचं."

"येईन. पण उरलेल्या टाकून देऊ नकोस. गणपती छापलाय तो भाग मला चालत नाही, सोनेरी शाई नीट जळत नाही. बाकीचं कार्ड उत्तम आहे."

सर लग्नाला आले. अक्षता टाकल्या, मठ्ठा मागून घेऊन जेवले आणि जाताना माझ्या मामाकडून उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा पिशवीत घालून घेऊन गेले. पुढे कित्येक महिने आमच्या दुकानाच्या गच्चीवर माझ्या आणि बायकोच्या नावाच्या पट्ट्या रोज एक याप्रमाणे उन्हात जळत होत्या. बायकोला हे मी फार उशिरा सांगितलं. तिला ते अजिबात गमतीचं वाटलं नाही.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. पनवेलमध्ये त्यांना ओळखणारे जे थोडे लोक उरलेत, ते त्यांचे किस्से सांगून हसतात. मीही सांगतो. पण माझं हसू एका जागी येऊन थांबतं, आणि तिथून पुढे त्या माणसाविषयी मला बरं बोलता येत नाही.

आमचं दुकान जुन्या बाजारपेठेत होतं. मालकाला सगळे शेठ म्हणत. शेठ आधी पंप आणि मोटारी विकायचे. नव्वदच्या आसपास सरकारी योजना निघायला लागल्या, तसे त्यांनी सौर दिवे आणि पाणी तापवायचे बंबही ठेवायला सुरुवात केली. मी बी. एस्सी. होऊन दोन वर्षं घरी बसलेला; मला त्यांनी साइटवर जाणारा माणूस म्हणून घेतलं. आणि सरांना घेतलं सहीसाठी. सर पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले. सरकारी कामाच्या अंदाजपत्रकावर जाणकार माणसाची सही लागायची, आणि आमच्या टापूत तसा माणूस तेवढाच होता. शेठला वाटलं होतं, म्हातारा महिन्यातून दोनदा येईल, चहा पिईल, सह्या करील आणि जाईल. शेठ माणसं ओळखण्यात सहसा चुकत नसत.

सौर दिव्याचा हिशोब वरवर सोपा आहे. दिवा किती तास लावायचा, त्याला किती वीज लागणार, आणि तेवढी वीज बॅटरीत भरायला रोज किती ऊन मिळणार. पहिल्या दोन गोष्टी गिऱ्हाईक सांगतं. तिसरी कुणालाच माहीत नसते. सगळे दुकानदार कंपनीच्या पुस्तकात छापलेला वर्षाचा सरासरी आकडा उचलत आणि त्यावरून किती पॅनेल लागतील ते ठरवून मोकळे होत. सरांना त्या पुस्तकाचा असा तिटकारा होता की ते टेबलावर दिसलं तर ते कोपराने बाजूला सारायचे.

"हे ऊन कुठलं?" ते विचारायचे. "मुंबईच्या वेधशाळेतलं. तुझं गिऱ्हाईक वेधशाळेत राहतं का?"

म्हणून त्यांनी स्वतःचं यंत्र केलं होतं. चोर बाजारातून आणलेला नारळाएवढा भरीव काचेचा गोळा, आणि त्याखाली अर्धं कापलेलं पितळी पातेलं. पातेल्याच्या आत कार्डाची पट्टी लावायची. गोळ्यातून ऊन एकवटून पट्टीवर पडायचं आणि सूर्य सरकेल तशी पट्टीवर जळकी रेघ उमटत जायची. ढग आला की रेघ तुटायची. संध्याकाळी पट्टी काढायची, दुसरी लावायची. रेघेची लांबी म्हणजे त्या दिवसाचं ऊन. यंत्र खरंच हुशारीचं होतं. वेधशाळेतही असलंच असतं, हे मला मागाहून कळलं. पट्टीला कार्ड मात्र नेमक्या जाडीचं लागायचं, आणि ते लग्नपत्रिकांशिवाय कुठे मिळत नाही असा त्यांचा शोध होता. बाजारपेठेत कुणाच्या घरी कार्य निघालं की सर आधी चौकशी करायचे ती पत्रिका छापली का याची.

गच्चीवर त्या गोळ्याचं राज्य होतं. शेजारच्या बाई गच्चीत साड्या वाळत घालायच्या आणि दुपारनंतर एखादीची सावली गोळ्यावर यायची. सर तडक त्यांच्या दारात गेले.

"तुमच्या साडीमुळे माझं पाऊण तास ऊन बुडालं."

"अहो, ऊन काय तुमच्या बापाचं आहे?" बाई म्हणाल्या.

"तसं असतं तर मोजायची वेळ आली नसती," सर म्हणाले आणि स्वतःच्या हाताने साडीची दोरी दुसऱ्या खिळ्याला बांधून आले. बाईंनी महिनाभर आमच्या दुकानाचं पाणी बंद केलं. नळ त्यांच्या बाजूला होता.

सरासरी हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. पनवेलजवळ नेऱ्याला फार्महाऊस बांधणारे मुंबईचे एक वकील आले होते. ते म्हणाले, वर्षाची सरासरी धरून हिशोब करून द्या, पावसात थोडं कमी-जास्त झालं तर चालेल. सरांनी त्यांना विचारलं, "तुम्ही सरासरी जेवता का? अकरा महिने पंगत आणि एक महिना उपास, वर्षाची बेरीज बरोबर?" वकील हसले. त्यांना वाटलं विनोद आहे. सर हसत नव्हते. त्यांनी सांगितलं की आषाढात चार-चार दिवस आभाळ उघडत नाही, दिवा धरायचा तर त्या दिवसांच्या उन्हावर धरायचा, बाकीचे दिवस आपोआप सांभाळले जातात. हिशोबाने पॅनेलं दुप्पट झाली. वकिलांनी ठाण्याच्या दुकानातून घेतली. शेठने कपाळाला हात लावला.

आणि तरी हेही सांगायला हवं की त्याच सुमारास डोंगरालगतच्या एका आश्रमशाळेत दुसऱ्या एका दुकानदाराने पुस्तकातल्या आकड्यावर दिवे बसवले होते. जून संपता संपता ते मिणमिणायला लागले आणि जुलैत बंद पडले. शाळेने कंदील विकून टाकले होते. पोरं आठवडाभर संध्याकाळी अंधारात बसली. सर मला मुद्दाम ते बघायला घेऊन गेले. व्हरांड्यात उभं राहून, वर मेलेल्या ट्यूबकडे बोट दाखवून म्हणाले, "नसलेल्या दिव्याने माणूस फसत नाही. विझणाऱ्या दिव्याने फसतो." त्या दिवशी मला हा माणूस फार मोठा वाटला. घरी येऊन बायकोला म्हणालोसुद्धा, की मी कुणाच्या हाताखाली काम करतोय तुला कल्पना नाही.

माझी मोठी बहीण नर्स होती. नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथल्या आरोग्य उपकेंद्रात तिची नेमणूक होती. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे पाण्याची टाकी. विजेचे खांब अलीकडच्या गावापर्यंत येऊन थांबलेले. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बाया बाळंतपणाला ताईकडे यायच्या, आणि ताई ती कंदिलाच्या उजेडात करायची. तिला तक्रार करायची सवय नव्हती. पण एकदा दिवाळीला घरी आली, तेव्हा म्हणाली, "तुमच्या दुकानात ते सूर्याचे दिवे असतात ना, त्यातला एक मला मिळेल का? टेबलावर एक लागला तरी पुरे. मला दिसलं पाहिजे रे, मी काय करतेय ते."

त्याच वर्षी उपकेंद्रांना सौर दिवे द्यायची योजना आली. ताईच्या केंद्राचं नाव यादीत होतं, पैसे मंजूर होते, काम आमच्या शेठला मिळालं. उरली होती फक्त जागेची पाहणी आणि सरांची सही. मी आनंदाने सरांना घेऊन गेलो.

जानेवारीचे दिवस होते. सरांनी ओट्यावर खुर्ची टाकली आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत ते त्या अंगणात बसून राहिले. पूर्वेला डोंगर, त्यामुळे अंगणात ऊन उशिरा यायचं. सर हरखून गेले. "इथला सूर्यच वेगळा आहे," ते ताईला म्हणाले, "पनवेलचं माप इथे उपयोगाचं नाही." बाया लसीकरणाला पोरं घेऊन येत होत्या आणि खुर्चीतला हा म्हातारा आभाळाकडे का बघतोय म्हणून तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकीने विचारलंच, "ताय, ह्ये बाबा कंचे? पाऊस सांगाया आलं हायत का?"

"बत्ती देणार आहेत आपल्याला," ताई म्हणाली.

"सूर्याची? मग रातच्याला कशी पेटंल? रातच्याला सूर्य नाय."

सरांनी तिला पाऊण तास बॅटरी समजावून सांगितली. इतक्या आदराने, इतक्या सोप्या शब्दांत, की मी बघतच राहिलो. ती विचारणारी यमुना. लग्न होऊन आलेली नवी पोरगी होती, ठाकरवाडीवरची. तिचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं.

ताईने सरांना भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. सर तिच्यावर खूश, ती सरांवर खूश. पुढच्या खेपेला सर काचेचा गोळाच घेऊन आले आणि ओट्याच्या कडेला, सावली येणार नाही अशा जागी त्यांनी तो सिमेंटमध्ये बसवला. रोज संध्याकाळी पट्टी बदलायचं काम ताईने आनंदाने अंगावर घेतलं. तिला वाटलं, दिव्याच्या दिशेने एक पाऊल पडलं. मलाही तसंच वाटलं.

मार्च उजाडला. सरकारी पैसा मार्चअखेर खर्च झाला नाही तर परत जातो, हे सरकारी कामाला हात लावलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. शेठने अंदाजपत्रक टाइप करून आणलं. दोन पॅनेलं, एक बॅटरी, दोन दिवे. मंजूर रकमेत तेवढंच बसत होतं. कागद सरांपुढे ठेवला. सरांनी वाचला आणि परत सरकवला.

"आषाढ बघितल्याशिवाय सही नाही," ते म्हणाले.

शेठना आधी कळलंच नाही. "आषाढ म्हणजे?"

"पावसाळा. तिथला डोंगर ढग अडवतो. पावसात तिथे ऊन किती मिळतं हे मला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. दोन पॅनेलं पुरतील असं मी कशाच्या आधारावर लिहून देऊ?"

"सर, पैसे परत जातील."

"जाऊ देत. पुढच्या वर्षी येतील."

शेठने हात जोडले. मग आवाज चढवला. मग म्हणाले, सर, तुमच्या पाया पडतो. सर शांत होते. त्यांना चिडवणं शक्य नव्हतं, हेच चिडवणारं होतं. शेठने ठाण्याहून दुसरा सहीवाला आणायचा खटाटोप केला. तो म्हणाला, एप्रिलमध्ये येतो.

मी ताईला निरोप धाडला. ती ड्युटी टाकून दुसऱ्या दिवशी दुकानात आली. नर्सच्या पांढऱ्या साडीतच होती, चपला धुळीने माखलेल्या. सरांनी उठून तिला खुर्ची दिली, माझ्याकडून उसाचा रस मागवला. तिने ग्लासाला हात लावला नाही.

"सर, पावसात नाही लागला तर नाही लागला," ती म्हणाली. "आठ महिने तर लागेल ना?"

"आणि चार महिने?"

"चार महिने कंदील आहेच की. आत्ता तो बारा महिने आहे."

"बाई, तुम्ही दिव्यावर विसंबाल. कंदिलाच्या काचा पुसायच्या राहतील, रॉकेल संपलेलं लक्षात येणार नाही. ऐन वेळी दिवा विझेल आणि त्या वेळी टेबलावर कुणीतरी असेल. मग?"

"मी विसंबणार नाही. मी लिहून देते तुम्हाला."

"तुम्ही नाही हो. मी लिहून द्यायचंय," सर म्हणाले. "अर्धवट दिव्यावर मी माझं नाव घालत नाही."

तिथे मला पहिल्यांदा खटकलं. माझं नाव. इतका वेळ मला वाटत होतं की हा माणूस बाळंतिणीसाठी भांडतोय. ताईच्याही ते लक्षात आलं असावं. ती उठली, नमस्कार केला आणि एस.टी. पकडायला गेली. पैसे परत गेले.

सर मात्र कामाला लागले. हे सांगताना मला त्रास होतो, कारण त्यांच्या मेहनतीत खोट नव्हती. साठी ओलांडलेला माणूस दर आठवड्याला एस.टी.ने नेऱ्याला जायचा, तिथून चिखल तुडवत ताईचं गाव गाठायचा, ताईने ठेवलेल्या पट्ट्या गोळा करायचा. आषाढात तर ते केंद्राच्या ओट्यावरच मुक्काम ठोकून होते. धो धो पाऊस, आणि हे छत्री धरून गोळ्याशेजारी उभे, ढग फाटलाच तर काच पुसायला पाहिजे म्हणून. ताप आला. ताईनेच गोळ्या दिल्या, ताईनेच कढी-भात खाऊ घातला. गावातले लोक आता त्यांना हसत नव्हते. "बाबा लय कष्ट करतात आमच्या बत्तीसाठी," असं म्हणायचे. खाली वाकून नमस्कार करायचे. आणि मागे खोलीत ताई कंदिलावर बाळंतपणं करत होती. पट्ट्याही बदलत होती. एक दिवस चुकली नाही.

यमुना माघात गेली. मला दुसऱ्या दिवशी कळलं, मी दुपारी पोचलो. ताई ओट्यावर बसली होती. तिने मला जे सांगितलं, ते तेव्हा एकदाच सांगितलं, पुन्हा कधी त्याबद्दल बोलली नाही.

"मूल नीट झालं," ती म्हणाली. "रडलंसुद्धा लगेच. मी खूश. कंदील डोक्याशी टांगलेला, टॉर्च तिच्या सासूच्या हातात. टॉर्चचे सेल उतरलेले. खाली ओलं लागत होतं हाताला. मला वाटलं, पाणी आहे. कंदिलाच्या उजेडात सगळं काळंच दिसतं रे. रक्त काय, पाणी काय. ती म्हणाली, 'ताय, मला थंडी वाजते.' तेव्हा मी कंदील काढून खाली धरला. वेळेवर दिसलं असतं तर मी काही केलं असतं. येतं मला. मला येतं ते काम."

टेम्पोतून पनवेलला आणताना यमुना वाटेत नेऱ्यालाच संपली. तिचा नवरा केंद्राच्या पायरीवर बसला होता. मी त्याच्याजवळ गेलो तर म्हणाला, "ताईंची काय चूक नाय. काळोखात कुनाला दिसनार." मग थोड्या वेळाने विचारलं, "ती बत्ती येनार होती ना?"

त्या दिवशी संध्याकाळी ताई उठली, आणि सवयीने गोळ्याखालची पट्टी बदलायला गेली. मी तिला थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं असंही वाटत नाही. काय फरक पडला असता?

थोड्याच दिवसांनी सरांचं वर्ष पुरं झालं. ते आले तेव्हा मी तिथेच होतो. चेहरा फुललेला. ताईच्या टेबलावर त्यांनी वर्षभराच्या पट्ट्या महिन्यांनुसार मांडल्या आणि म्हणाले, "बाई, झालं. आता मी डोळे मिटून सही करतो. दोन पॅनेलं पुरली नसती, बघा. आषाढात तिसऱ्या दिवशी बॅटरी बसली असती. तीन लागतील. तिसऱ्याचं मी शेठशी बोलतो. या मार्चला काम होतंय."

ताईने ऐकून घेतलं. मग तिने माघाच्या ढिगातून एक पट्टी शोधून काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"या दिवशी ऊन कसं होतं, सर?"

सरांनी चष्मा सारखा केला. पट्टीवर कुठेही न तुटलेली सलग जळकी रेघ होती. "उत्तम," ते म्हणाले. "डोंगरावरून सूर्य आल्यापासून मावळेपर्यंत एकदाही ढग नाही. माघात असेच दिवस मिळतात."

"दोन पॅनेलांवर दिवा लागला असता?"

"दोन काय, या दिवशी एकावरसुद्धा रात्रभर…" आणि ते थांबले. ताईच्या तोंडाकडे बघून थांबले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं. यमुना कोण तेही सांगितलं, तुम्हाला बॅटरी विचारणारी.

मला वाटलं, आता हा माणूस मोडेल. मोडावा अशी माझी इच्छा होती, हे मी लपवत नाही. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले. मग म्हणाले, "वाईट झालं, बाई. फार वाईट झालं. पण एका दिवसावरून हिशोब धरता येत नाही."

"तिला एकच दिवस लागणार होता," ताई म्हणाली.

सर पट्ट्या गोळा करायला लागले. क्रम चुकत नव्हता. परतीच्या वाटेवर, नेऱ्याच्या थांब्यावर एस.टी.ची वाट बघताना मला म्हणाले, "बाई भावनेच्या भरात आहेत. साहजिक आहे. पण तू शास्त्र शिकलायस, तुला कळतंय." मला कळत होतं. हिशोबात एक चूक नव्हती, तेही कळत होतं. मी त्यांच्यापासून दोन हात लांब जाऊन उभा राहिलो. ते चुकले असते तर मी त्यांना माफ केलं असतं, इतकं ते सोपं झालं असतं.

त्यांनी सही केली. तीन पॅनेलं मंजूर करून घ्यायला ते स्वतः वरच्या ऑफिसात खेटे घालत राहिले आणि त्यांनी ती करून घेतली. वैशाखात मी स्वतः वायरिंग केलं. दिवा लागला तेव्हा गावातले लोक जमले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यमुनाची सासू तीन महिन्यांच्या नातवाला काखेत घेऊन मागे उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

मी शेठची नोकरी त्या पावसाळ्यानंतर सोडली. सर शेवटपर्यंत तिथेच होते. पुढे पनवेल वाढलं, कळंबोली-रोडपालीकडे इमारती उठल्या, गच्च्यांवर बंब बसले, आणि कुठलाही पोरगा पुस्तकात बघून आकडा सांगायला लागला. ते गेले तेव्हा दुकानात सभा झाली. लोक म्हणाले, इतका चोख माणूस पुन्हा होणे नाही. मी खुर्चीवर बसून ऐकलं. चोख होतेच ते.

पण मला त्यांची आठवण येते ती दिव्याच्या पहिल्या आषाढातली. दिवा बसवून दोन महिने झाले होते. पाच दिवस आभाळ उघडलं नव्हतं. मी ताईकडे मुक्कामाला होतो. दुपारची वेळ, पण डोंगरावरून ढग असे उतरले होते की खोलीत काळोख झाला होता आणि ताईने दिवा लावला होता. एक बाई आत टेबलावर होती. दाराशी कुणीतरी आलं. बघतो तर सर. गुडघ्यापर्यंत चिखल, टोपीवरून पाणी गळतंय, दम लागल्याने बोलता येत नाही. ते आत आले नाहीत. उंबऱ्यातूनच त्यांनी वर टेबलावरच्या दिव्याकडे बघितलं. पांढराशुभ्र जळत होता, जरासुद्धा मंद नव्हता.

"विझला नाही ना, बाई? एकदाही?"

ताई कात्री उकळत्या पाण्यातून काढत होती. तिने वळून बघितलं.

"नाही, सर. एकदाही नाही."

"बघा," सर म्हणाले. "मी सांगत होतो."

त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांना शाबासकी हवी होती, आणि ती त्यांना या एकाच बाईकडून हवी होती, एवढं मला स्पष्ट दिसलं. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. नंतर म्हणाली, "हो. तुम्ही सांगत होता." आणि मधलं दार लोटून ती आत कामाला गेली. सर पावसात उभेच होते. मी त्यांना आत बोलावलं नाही.